रिओ नेरोच्या पुलावरचे फाटक

मित्रांनो, घंटा वाजली आणि मी खाली येऊ लागलो की समोरच्या माणसाच्या तोंडून शिवी निघायची. पाद्रीबाबासुद्धा शिवी द्यायचे, फक्त ते मनातल्या मनात. अशा लोकांना अडवण्यातच माझा सारा जन्म गेला. मी रेल्वे फाटकाचा जुना दांडा आहे. लोखंडी, लांबलचक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. लोक मात्र मला नुसते फाटकच म्हणतात.

माझा जन्म खाली मैदानातल्या एका कारखान्यात झाला. लोखंडाची नळी तापवून सरळ केली, तिला पट्टे रंगवले आणि आखूड टोकाला एक जाडजूड वजन बसवले. त्या वजनामुळे एवढा मोठा दांडा एकटी बाईही उचलू शकते. मग एका मालगाडीतून, कांद्यांच्या पोत्यांशेजारी आडवे पडून, मी डोंगरात आलो. पिएरा हे गाव ऑस्ट्रियाच्या सीमेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर होते. गावचा रस्ता जिथे रूळ ओलांडत होता तिथे मला रोवले. रुळांच्या पलीकडे माझा जुळा भाऊ उभा राहिला.

मला सांभाळायला एर्सिलिया होती. ती लग्न होऊन फाटकाशेजारच्या दगडी घरात आली. नवरा रुळांच्या दुरुस्तीवर आणि बायको फाटकावर, अशी त्या मार्गाची रीतच होती. गाडीची वर्दी आली की ती हातातले पीठ तसेच ठेवून बाहेर धावायची आणि आम्हांला वर-खाली करणारे हाताचे चाक, म्हणजे चरक, फिरवायची. चरकाबरोबर माझ्या पायाशी असलेली घंटा वाजे आणि आम्ही दोघे भाऊ खाली येत असू.

“एर्सिलिया, माझ्या दुधाचं लोणी होईल इथंच!” दूधवाला बेपी ओरडायचा.

“मग काय, पाव आणते. खाऊन जा,” ती म्हणायची.

एकदा बेपी खरोखरच माझ्याखालून वाकून निघाला. पाठीवर दुधाची बरणी आणि समोरून जलदगाडी. एर्सिलियाने चरक सोडून त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे ओढले. त्याच क्षणी गाडी धडधडत गेली. तिच्या वाऱ्याने बेपीची टोपी उडाली. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, “अर्धं दूध सांडवलंस की गं माझं!” आभार वगैरे काही नाही. मी तेव्हाच ओळखले की या धंद्यात आभाराची वाट पाहायची नसते.

एर्सिलियाचा मुलगा लिव्हियो माझ्यावर फार रागवायचा. त्याची आई माझ्यामुळे कुठेच जाऊ शकत नव्हती. जत्रा नाही, लग्न नाही. चर्चमध्ये त्याला पहिल्यांदा पवित्र प्रसाद मिळाला, तेव्हासुद्धा मावशीच त्याला घेऊन गेली होती. “आईचा थोरला हा दांडा, मी धाकटा,” असे तो म्हणायचा आणि जाता-येता मला एक लाथ घालायचा. मोठा झाल्यावर तो जर्मनीला आइस्क्रीमच्या दुकानात कामाला निघून गेला.

पुढे डोंगराच्या पोटातून नवा, सरळ लोहमार्ग झाला आणि आमचा जुना मार्ग बंद पडला. शेवटची गाडी गेली त्या दिवशी एर्सिलियाने मला वर केले आणि चरकावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग रूळ उपटून नेले. भंगारवाल्यांनी माझ्या भावाचे तुकडे करून ट्रकात टाकले. माझ्याकडे आले तेव्हा एर्सिलिया खुर्ची आणून माझ्या बुंध्याशी बसली होती, मोजे विणत.

“आजी, जरा बाजूला.”

“बसू द्या की. पाय दुखतात.”

ते दुपारपर्यंत थांबले आणि निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षे माझ्याभोवती खाजरी झुडपे वाढत राहिली आणि माझ्या अंगावर गंज चढत राहिला. मला वाटले, संपले आता.

पण मित्रांनो, रुळांची वाट तशीच होती. चढ बेताचा, बोगदे जागेवर, पूल मजबूत. कुणाच्या तरी डोक्यात आले की इथे सायकलींची वाट करावी. डांबर टाकले, पुलावर लाकडी फळ्या ठोकल्या, कठडे रंगवले. मोटार नाही, भोंगा नाही, धूर नाही. जिथे इंजिने शिट्ट्या मारत होती तिथे सीमेपलीकडून आलेली माणसे डोक्याला शिरस्त्राण बांधून, सफरचंदे खात, गप्पा मारत जाऊ लागली. केस पिकलेली जोडपी, टोपलीत कुत्रे, सायकलीमागे जोडलेल्या छोट्या गाडीत झोपलेली बाळे. लिव्हियो बायकोला आणि मुलीला घेऊन परत आला. फाटकाच्या घरात त्याने खानावळ काढली आणि शेजारच्या खोलीत सायकल दुरुस्तीचे दुकान. चीज आणि बटाट्याची त्याची खरपूस तळलेली पोळी खायला लोक उतरू लागले.

त्याची बायको ऑर्नेला गावच्या शाळेतल्या मुलांना सायकलवर फिरायला न्यायची. तिला मी आवडायचो. तिच्याच आग्रहाने मला उपटून घरापासून चार पावलांवर, रिओ नेरो नदीच्या पुलाच्या तोंडाशी, नव्या वाटेवर, रोवले गेले. घंटा आणि चरकही सोबत आले. मला नवा रंग दिला आणि अंगावर लाल फुलांच्या लांबट कुंड्या टांगल्या. मी कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून एक लोखंडी पट्टी आडवी लावून तिला बोल्ट आवळले. मी कायमचा वर पाहत उभा राहिलो.

लोक माझ्यापाशी उभे राहून फोटो काढायचे. मी सुखात होतो असे तुम्हांला वाटेल. पण ज्या आसावर मी वर-खाली होतो, त्यात कुणी तेलाचा थेंबही घातला नव्हता. आतून मी आवळत चाललो होतो. एर्सिलियाला ते कळत असावे. तोवर ती काठी टेकून चालू लागली होती.

“हात वर बांधून ठेवलाय त्याचा,” ती म्हणाली.

“शोभेचा आहे तो आता, आई.”

“शोभेची तर मीही आहे. पण मला कुणी बांधून नाही ठेवत.”

लिव्हियो हसला आणि आत गेला.

आता त्या शनिवारची गोष्ट सांगतो. सप्टेंबरचे दिवस होते. आमच्याकडे ऊन होते, पण वरच्या शिखरांवर सकाळपासून काळे ढग साचले होते आणि तिथे पाऊस कोसळत होता. रिओ नेरोचे पाणी तपकिरी होऊन पुलाखालून आदळत चालले होते. ऑर्नेला शाळेच्या मुलांना घेऊन सकाळीच पूल ओलांडून गेली होती. पुलापलीकडे लगेच एक बोगदा लागतो. त्यातून पुढच्या गावची जुनी पाणचक्की पाहायची आणि जेवायला परत यायचे, असे ठरले होते. त्या मुलांत लिव्हियोची मुलगी तेआ होती.

खानावळीत गर्दी होती. ऑस्ट्रियाहून आलेला गॉटफ्रीड नावाचा एक धिप्पाड खाटीक मित्रांसोबत दुसरी पोळी संपवत होता. एर्सिलिया चेस्टनटच्या झाडाखाली बसून शेंगा सोलत होती.

आणि पाण्याचा आवाज कमी होऊ लागला.

आधी कुणाच्या लक्षातच आले नाही. मला मात्र जाणवले, कारण त्या पाण्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. आदळआपट मंद झाली, मग नुसती कुजबुज उरली आणि मग तीही थांबली. पुलाखाली ओले दगड चकाकत राहिले.

“अरे वा, नदी आटली!” कुणीतरी म्हणाले. तीन-चार जण कॅमेरे घेऊन खाली पात्रात उतरले सुद्धा.

एर्सिलियाचे हात शेंगांवर थांबले.

“लिव्हियो! पाणी कुठं गेलं?”

“काय, आई?”

“ऐक जरा. नदी गप्प झालीय.”

लिव्हियोच्या हातातली थाळी तशीच राहिली. पिएरामध्ये लहान पोरालाही हे माहीत असते. वर पाऊस पडतोय आणि खाली पाणी नाही, याचा अर्थ वर कुठेतरी दरड कोसळून घळ अडली आहे. तिच्यामागे पाणी तुंबत आहे. ते फुटेल तेव्हा चिखल, झाडे, धोंडे घेऊन एकदमच खाली येईल. कधी, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

“वर या! पात्रातून वर या!” लिव्हियो ओरडत धावला. त्याचा चेहरा पाहून ती माणसे धडपडत वर आली. मग त्याने खिशातून फोन काढला. ऑर्नेलाचा फोन लागेना. वादळाने मोबाइलचा मनोरा बंद पाडला होता. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

मुले परत यायची वेळ झाली होती. बोगदा आणि पुढच्या गावापर्यंतचा रस्ता मजबूत होता. धोका एकाच जागी होता, पुलावर. आणि ती हसत-खेळत नेमकी तिथेच येणार होती.

लिव्हियो पुलाकडे धावला. पण माझ्याजवळ पोचताच एर्सिलियाने त्याच्या कमरेच्या फडक्याला मागून धरले. काठी टाकून ती त्याच्यामागे कशी आली, देव जाणे.

“सोड, आई!”

“तू पुलावर असताना आलं तर?”

“येऊ दे!”

“मग पोरांना कोण थांबवणार? तुझी टोपी?”

“मग करू काय मी? इथं उभा राहून हात हलवू?”

हात हलवून काही होणार नव्हते. या वाटेवर सगळेच एकमेकांना हात करतात. पोरांनी उलट आनंदाने हात केले असते आणि जोरात पायडल मारले असते. आरडाओरडा करावा तर घळ रुंद, आणि वारा आमच्या तोंडावर येत होता.

एर्सिलियाने माझ्याकडे पाहिले. “फाटक पाड,” ती म्हणाली.

बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडले की समोर थेट मीच दिसतो. ऑर्नेलाने आणि त्या मुलांनी मला जन्मात कधी खाली आलेले पाहिले नव्हते. लिव्हियोला ते पटले. तो दुकानातून पाना घेऊन आला आणि पट्टीच्या बोल्टला भिडला. इतक्या वर्षांच्या रंगाने ते बोल्ट बुजून गेले होते. पाना घसरला. त्याच्या बोटांची सालटी निघाली. त्याने पुन्हा पाना लावला.

इकडे गॉटफ्रीड आणि मंडळी सायकली घेऊन आली.

“अहो, रस्ता काय अडवता? आम्हांला गाडी गाठायचीय!”

“जा की,” एर्सिलिया म्हणाली. “वरून डोंगर येतोय, त्याला सांगा तुम्हांला घाई आहे म्हणून.”

“ऊन पडलंय, आजी. कसला डोंगर?”

“पलीकडून पोरं यायचीत,” लिव्हियो दात आवळून म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “शाळेची पोरं. माझी मुलगी आहे त्यात.”

गॉटफ्रीडने कोरड्या पात्राकडे पाहिले. मग वर ढगांकडे. त्याने सायकल जमिनीवर सोडून दिली आणि पाना लिव्हियोच्या हातातून घेतला. त्याचे मनगट माझ्याएवढे जाड होते. एक बोल्ट करकरला आणि निघाला. दुसरा तुटलाच. पट्टी खणकन खाली पडली. दुसऱ्या माणसांनी कुंड्या ओरबाडून काढल्या. माती आणि लाल फुले सगळीकडे सांडली.

“आता सोडा त्याला!” एर्सिलिया म्हणाली.

मित्रांनो, त्यांनी मला सोडले आणि मी हललो नाही.

मला खाली यायचे होते. इतके आतून मला कधीच काही हवेसे वाटले नव्हते. पण आसात गंजाने गंजाला मिठी मारली होती. लिव्हियोने माझ्यावर हातोडा मारला. मी नुसता घुमलो. मग तो आत धावला आणि चुलीवरची कढई, तेलासकट, दोन्ही हातांत फडकी घेऊन बाहेर आला. ते गरम तेल त्याने माझ्या आसावर ओतले. चुरचुर आवाज झाला. धूर निघाला. तळलेल्या बटाट्याचा वास सुटला.

तेवढ्यात पलीकडे बोगद्याच्या काळ्या तोंडातून एक पिवळा ठिपका बाहेर आला. मग दुसरा. पिवळी जाकिटे घातलेली मुले आणि सर्वांत पुढे ऑर्नेला.

“ऑर्नेला!” लिव्हियो किंचाळला. वाऱ्याने ते नाव त्याच्याच तोंडावर परत फेकले. पोरांनी आमच्याकडे पाहून हात हलवले.

आणि वरून वास आला. ओल्या मातीचा, पिचलेल्या देवदारांचा. मग जमीन बारीक थरथरू लागली.

गॉटफ्रीडने उडी मारली आणि माझ्या टोकाला लटकला. मी कुरकुरलो, वीतभर खाली आलो आणि पुन्हा अडलो. “या रे!” तो ओरडला. त्याचे मित्र धावले. कुणी त्याच्या पायांना लटकले, कुणी माझ्या आखूड टोकाचे वजन उचलून धरले. लिव्हियो खांद्याने रेटत होता. एर्सिलिया घंटेकडे गेली. तिने चरकाच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले, सगळे अंग टाकले आणि घंटा वाजू लागली. किती वर्षांनी! वाऱ्याविरुद्धही तो कर्कश, जुना आवाज घळीत घुमला.

माझ्यात काहीतरी कडकन तुटले आणि मी खाली आलो. असा आलो की खालचा दगड फुटला आणि गॉटफ्रीड तोंडावर आपटला.

ऑर्नेलाची सायकल पुलाच्या पहिल्या फळ्यांवर होती. तिने ब्रेक लावला. मागची पोरे एकमेकांवर आदळली, हसली. तिने माझ्याकडे पाहिले. मग खाली, दगडांकडे. किती वेळ पाहत होती ते मला सांगता येणार नाही. मला तो वेळ माझ्या सगळ्या आयुष्याएवढा वाटला. मग ती वळली. सायकल टाकून दिली. दोन्ही हातांनी ती पोरांना सायकलींसकट बोगद्याकडे ढकलू लागली. एक लहान मुलगा पडलेली सायकल उचलायला वाकला. तिने त्याला कमरेत उचलले आणि पळाली.

शेवटचा पिवळा ठिपका बोगद्यात दिसेनासा झाला आणि वळणावरून तो लोंढा आला. त्याला पाणी म्हणवत नव्हते. उभी झाडे मुळांसकट नाचत येत होती, भट्टीएवढे धोंडे टोलवत. त्याने पुलाच्या मधल्या खांबाला एकच धडक दिली. शंभर वर्षे आगगाड्या तोललेला तो पूल मधोमध वाकला आणि नाहीसा झाला. चिखलाची लाट पलीकडे बोगद्याच्या तोंडापर्यंत उसळली. एका झाडाची फांदी माझ्यावर आदळली आणि मी टोकाशी कायमचा वाकलो.

मग काहीच दिसेना. नुसता धुरळा आणि तुषार. लोंढा ओरडत राहिला.

लिव्हियो गुडघ्यांवर बसला होता. “आई, बोगद्याच्या तोंडात चिखल गेला का? तुला दिसलं का? आई?”

एर्सिलिया चरकापाशीच होती. ती घंटा वाजवत होती. ती थांबत नव्हती. कुणीतरी म्हणाले, “आजी, आता पुरे.” तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

हळूहळू लोंढ्याचा आवाज उतरला. एर्सिलियाने हात थांबवला आणि मान कलती केली.

पलीकडून, बोगद्याच्या आतून, बारीक आवाज येत होता. ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. मग एकदम सगळेच. सगळी पोरे सायकलींच्या घंट्या वाजवत होती. आत अंधारात उभी राहून, जिवाच्या आकांताने, आम्हांला उत्तर देत होती.

लिव्हियो माझ्या वाकलेल्या दांड्यावर डोके ठेवून रडला. ज्याला तो लाथा घालायचा, त्याच दांड्यावर.

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाने मुले पुढच्या गावात गेली आणि संध्याकाळी अग्निशमन दलाची माणसे त्यांना दूरच्या रस्त्याने घरी घेऊन आली. ऑर्नेला आली ती थेट सासूच्या गळ्यात पडली.

“मला आधी वाटलं, तुम्ही सगळे गंमत करताय,” ती म्हणाली. “मग घंटा ऐकली. म्हटलं, घंटा आई वाजवतायत. आणि आई काही गंमत करत नाहीत.”

“करते की,” एर्सिलिया म्हणाली. “तुलाच कळत नाही.”

तेआ मात्र रुसली होती. तिची आणि आणखी एका मुलाची पैज लागली होती, पुलावर आधी कोण पोचतो याची. “मीच जिंकले असते,” ती म्हणत होती. तिच्या बापाने तिला इतके घट्ट धरले की तिला पुढे बोलता येईना.

गॉटफ्रीडची गाडी अर्थातच चुकली. नाकाला पट्टी बांधून तो माझ्याशेजारी बाकावर बसला होता. एर्सिलियाने त्याच्यासमोर सूपचा वाडगा ठेवला.

“मग काय, आजी,” तो म्हणाला, “फाटक उघडणार की नाही?”

“थांबा की जरा. एवढी कसली घाई?”

पुढच्या वर्षी नवा पूल झाला, जास्त उंच. मला जाग्यावर ठेवायचे की संग्रहालयात न्यायचे, यावर चर्चा झाली. कचेरीतून एक तरुण साहेब आला. त्याने माझे वाकलेले टोक पाहिले आणि वहीत काही लिहिले.

“ठेवू या इथेच,” तो म्हणाला. “पण ती पट्टी पुन्हा लावावी लागेल. उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर?”

“पट्टी लागणार नाही,” लिव्हियो म्हणाला.

“अहो, पण पडलं तर?”

“फाटक आहे ते, साहेब. पडायलाच हवं त्याने. खाली कुणी नाही ना, ते मी बघेन.”

साहेबाने एर्सिलियाकडे पाहिले, कदाचित ती समजूत घालेल म्हणून. ती शेंगा सोलत होती. पट्टी लागली नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी खाली आलो तो माझ्या बळावर नाही. एक म्हातारी, एक घाबरलेला बाप, पोटभर जेवलेला एक खाटीक आणि कढईभर तेल, यांनी मला खाली आणले. आणखी थोडा उशीर झाला असता तर? मी रंगवलेला, फुलांनी सजवलेला, सगळ्यांच्या फोटोंत असलेला, आणि तरीही त्या पोरांच्या काहीच कामी आलो नसतो. तुमच्याही शाळेत भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतील. जिन्याखाली एखादी शिडी असेल. विहिरीवर झाकण असेल, मागच्या बाजूला कधीच न उघडलेले एखादे दार असेल. त्यांना रंग नाही दिला तरी चालेल. पण अधूनमधून ती बादली उचलून बघा, ते दार उघडून बघा. काही गोष्टी आयुष्यात एकदाच कामी येतात, आणि ती वेळ आधी सांगून येत नाही.

एर्सिलिया आता राहिली नाही. दर शनिवारी सकाळी तेआ तेलाची डबी घेऊन येते. आसात दोन थेंब सोडते, वाटेवर दोन्हीकडे पाहते आणि चरकाला हात लावते.

आणि मी खाली येतो. एका बोटाने, अगदी सहज.